सुटावं कसं

जानेवारीत नॉरशॉपिंगमध्ये टोमॅटो महाग.
तरी दर सोमवारी मी दोन किलो आणते,
देठासकट, टणक,
आणि पावतीवर तूव्हे सही करते: प्रयोगसाहित्य.

उकळत्या पाण्यात तीस सेकंद, मग बर्फात.
साल फुटत नाही, नुसती आतून सैल होते,
गर वेगळा, साल वेगळी, मधे पाण्याचा पापुद्रा.
चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची कातडी
अशीच असते, म्हणाली शमीरान.
ती लिन्शॉपिंगच्या इस्पितळात रात्रपाळी करते.
पहिल्या भेटीत तिनं कागद आणले नव्हते,
चार बोटं जुळवून दाखवली:
"एवढी छाती. तिच्यावर तीन चकत्या.
हृदय ऐकू येतं छान.
चकत्या काढताना साल येते सोबत.
बाळ रडतं, पण घशात नळी असते,
आवाज येत नाही."

त्या दिवशी कोणी कॉफीला गेलं नाही.

आमच्याकडे एक शाई आहे, निळी,
जुनी जीन्स धुतल्यावर बादलीत उरते तशी.
तिच्यातून वीज जाते.
तांब्याचा कण नाही, चांदीचा नाही,
नुसत्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या,
विंचरायच्या राहून गेलेल्या केसांसारख्या गुंतलेल्या.
जाळीतून छापायची, भट्टीत सुकवायची,
की दुधावरच्या सायीसारखी फिल्म हातात येते.

येते म्हणजे, बहुतेक वेळा येत नाही.
सातवा नमुना पापडासारखा मोडला.
बाराव्यात ग्लिसरीन जास्त झालं, तो घामेजला.
एकोणिसावा वीज वाहायचा, चिकटायचा नाही.
तेविसावा असा चिकटला
की टोमॅटो सोलूनच निघाला.
त्याचा आलेख तूव्हेनं भिंतीवर लावलाय, उलटा.

माझी आई याच इमारतीत विणायची,
ही कापडाची गिरणी होती तेव्हा.
मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले.
तुटलेला धागा ती न बघता सांधायची,
गाठ इतकी बारीक की कापडाला पत्ता नाही.
आता ती ब्याण्णव वर्षांची. हातावरची पट्टी
बदलायला घेतली की कातडी उचकटते.
"राहू दे," म्हणते, "माझ्याबरोबर म्हातारी होईल."

एकतिसाव्या नमुन्याचा उरलेला तुकडा
मी स्वतःच्या मनगटावर लावला
(नियमात बसत नाही हे)
आणि तिच्याकडे भांडी घासायला उभी राहिले.
शेवटच्या बशीला हात घातला तर
मनगट मोकळं.
पाण्यावर तरंगत होती फिल्म, चमच्याशेजारी.
कधी सुटली, कळलंच नाही.

कळलंच नाही, हे वहीत कसं मांडायचं?
यंत्राला न्यूटन लागतात.
मी लिहिलं: कोमट पाणी, अंदाजे अडतीस अंश, जोर शून्याजवळ.
तूव्हेनं दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
आणि नेमका तोच प्रश्न विचारला:
"काचपेटीत ऐंशी टक्के दमट हवा. तिथं टिकेल?"

नाही टिकली. चार तास.

मग फेब्रुवारी, मार्च. नदीकडेचा बर्फ काळा पडून गेला.
वाफेत धरून ठेव, पाण्यात सोडून दे,
एवढंच मागतोय आम्ही त्या साखळीकडे.
माणसांनासुद्धा जमत नाही ते, तूव्हे म्हणाली,
नवरा नुकताच घर सोडून गेला होता तिचा.
मी ऐकलं नाही असं केलं
आणि भट्टीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं.

काल अठ्ठावन्नावा नमुना सोळा तास राहिला.
ओला बोळा फिरवला, कड उचलली,
खाली टोमॅटो तसाच, चकचकीत,
आपल्याला काही झालंय हेच माहीत नसलेला.
समितीचं पत्र अजून यायचंय.
शमीरानला फोन केला नाही.
सोळा तास म्हणजे तिच्या दोन पाळ्यासुद्धा नाहीत.

पिशवीत न वापरलेले चार उरले, ते आईकडे नेले.
तिनं एकावरून अंगठा फिरवला,
सावकाश, कापडातला दोष शोधावा तसा.
"साल चांगली आहे," म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्यानं,
आणि मीठ मागितलं.